दाब, धर, सोड

अहो, गाडी अजून दारातच आहे.

भेटायला येणारी माणसं तिला टेकून उभी राहतात. बायका आत येतात, पुरुष बाहेर थांबतात, आणि थांबायचं म्हटलं की टेकायला हीच सापडते. कुणी बॉनेटवर टोपी काढून ठेवतो, कुणी दाराच्या मुठीशी चाळा करतो, 'लई भला मानूस' म्हणून सुस्कारा टाकतो आणि जाताना पाठीची धूळ झटकतो. तुम्ही असतात तर आतून ओरडला असतात, की रेलू नका, पत्रा बसतो. मी खिडकीशी उभी राहून तुमचं ते ओरडणं मनातल्या मनात ओरडून घेते.

टपावरचे दोन्ही कर्णे मी उतरवू दिलेले नाहीत. भाऊजी म्हणाले, वैनी, लग्नाला निघाल्यावानी दिसतीया गाडी, दुखवट्याच्या घरापुढं बरं दिसत न्हाय. मी म्हटलं, राहू द्या. पहाटे त्या कर्ण्यांत चिमण्या येऊन बसतात. आतली चिवचिव मोठी होऊन बाहेर येते आणि अर्धवट झोपेत मला वाटतं, तुम्ही माईक तपासताय. मग डोळे उघडतात.

मागं एकदा भाऊजी एका माणसाला घेऊन आले. अक्कलकोटकडचा होता, जुन्या गाड्या घेऊन मोडणारा. तो थेट तुमच्या जागेवर जाऊन बसला, त्यानं पेडल दाबलं आणि तोंड वाकडं केलं.

"पेडल लई मऊ हाय की हो. ब्रेकच न्हाई हिला. मोडूनच काढावी लागंल."

भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैनी, आइतवारपतुर सांगा. दारात उभी करून करायचं काय? चालवनार कोन?"

तुमचा धाकटा भाऊ वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. गिरणीत फिटर म्हणून दिवसभर यंत्रांशी झगडून येतो, आणि घरी आल्यावर दारात तुमची गाडी बघणं त्याला सोसत नव्हतं. तो गाडी विकायला निघाला ते तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून. पण 'चालवणार कोण' हा प्रश्न तो मला विचारत होता. तुम्हीच हौसेनं परवाना काढून दिलेल्या बाईला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की रडायचं राहूनच गेलं. मी म्हटलं, "आधी ब्रेक बघू. नाहीच झाला तर आइतवारी न्या गाडी."

शिवाय मंगळवेढ्याचं ते लग्न होतंच. त्याच्या पुढच्याच आठवड्यात. तुम्ही शब्द देऊन ठेवलेला. मुलीच्या वडलांनी एसटीच्या कंडक्टरकडून निरोप धाडला, की मालक गेल्याचं कळलं, लई वाईट झालं, तुमी येतासा का दुसरा लाऊडस्पीकरवाला बघू? मी त्या कंडक्टरला पाणी दिलं, गूळ दिला, आणि उत्तर तेवढं दिलं नाही.

उत्तर मला तुमच्याकडून हवं होतं. 'ब्रेक घट्ट झाला की मंगळवेढ्याला गाडी तू न्यायचीस. मी शेजारी बसून हुरडा खानार.' किती वेळा म्हणालात हे. मैदानात मला शिकवताना म्हणालात, परवाना हातात ठेवताना म्हणालात, आईपुढे म्हणालात. आणि ब्रेक काही घट्ट होईना. दर हिवाळ्यात शेतांत हुरडा यायचा, आणि गाडी तुम्हीच न्यायचात.

एक गोष्ट मी कधी बोलले नाही. आता बोलते. मला मधून मधून वाटायचं, तुम्हाला तो ब्रेक घट्ट व्हायला नकोच आहे. शब्द तर दिलाय, मोडता येत नाही, मग राहू दे बिचारं पेडल मऊ. भांडणात हे ओठापर्यंत यायचं आणि मी ते गिळायचे. तुम्ही गेल्यावर ते गिळलेलं सगळं पुन्हा वर आलं. दुःख तर होतंच, पण त्याला हा एक खडा लागत होता, चपलेत अडकतो तसा.

ही गाडी तुम्ही आणलीत ती मोठ्या दुष्काळाच्या आधी, गिरणीतल्या एका साहेबाकडून. साहेब परगावी निघाला होता आणि गाडी त्याच्याआधीच म्हातारी झाली होती. अख्खी भवानी पेठ बघायला लोटली. तुम्ही टपावर कर्णे चढवलेत, मागच्या सीटवर अँप्लिफायर बसवलात, बॅटऱ्या ठेवल्यात, आणि मला म्हणालात, ये, बोल माईकवर, एक दोन तीन म्हण. मी पदर तोंडाला लावून आत पळाले. तेव्हापासून तुम्ही हा खेळ सोडला नाहीत. कुठल्याही लग्नात, जत्रेत, माईक जोडून झाला की माझ्यापुढं धरायचात. मी मान हलवायची. माझा आवाज गावभर जाणार ही कल्पनाच मला सोसवत नव्हती.

मग दुष्काळ आला. लग्नं थांबली, आणि आपण सांगोल्याकडच्या वाड्यांतून पाण्याच्या टँकरच्या वर्द्या पुकारत हिंडलो. कुणी घागरी घेऊन पळत यायचं, कुणाला पळण्याचंही त्राण नसायचं. तुम्ही अशा जागी आवाज उतरवायचात. म्हणायचात, तहानलेल्या माणसावर ओरडू नये. माणूस म्हणून तुमचं मला काय आवडलं असं कुणी विचारलं, तर मी हे सांगेन.

पावसानं पुन्हा तोंड दाखवलं आणि लग्नांचा नुसता पूर आला. त्याच हंगामात मंगळवेढ्याच्या एका लग्नात पुढच्या उजव्या चाकातून ब्रेकचं तेल गळायला लागलं. तुम्ही विहिरीच्या कडेला गाडी लावलीत, चाक काढलंत, ड्रम काढलात, आतलं सिलेंडर बदलायला घेतलंत. नवं सिलेंडर तुमच्या हातात, आणि मांडवातून माणूस धावत आला, "मालक, मुहूर्त टळतुया, भटजी वरडाय लागलं, माईक लावा!" तुम्ही तसेच उठलात. तेलकट हातानं माईक जोडलात. मंगलाष्टकं सुरू झाली आणि तुम्ही पुन्हा चाकाशी येऊन बसलात. डोक्यावर अक्षता, हातात पाना, आणि कर्ण्यांतून 'शुभमंगल'. मी विहिरीच्या काठावर बसून बघत होते. इतका देखणा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

पेडल मऊ झालं ते त्या दिवसापासून. हे आपल्या दोघांनाही माहीत होतं, आणि दोघांनीही त्याचा विचार केला नाही.

एकदा दाबलं की पाय कापसात जायचा. दुसऱ्यांदा दाबलं की खाली काहीतरी भेटायचं. म्हणून तुम्ही प्रत्येक ब्रेक दोनदा मारायचात, आणि ती खोड पायात इतकी मुरली की एसटीत बसलात तरी थांबा आला की तुमचा पाय दोनदा दाबला जायचा. शेजारचा प्रवासी बघत राहायचा.

आणि ती मेंढरं! आठवतात? सांगोल्याहून परत येत होतो, उन्हं कलली होती, ज्वारीवर तो पिवळा उजेड, सगळं कसं पाण्याखाली असल्यासारखं संथ. आणि वळणावर रस्ता भरून मेंढरं. तुम्ही दोनदा दाबलंत, तीनदा दाबलंत, आणि मग एका हातानं माईक उचललात. कर्ण्यांतून आवाज घुमला, "मेंढरांनो, बाजूला व्हा! बाजूला व्हा! ब्रेक न्हाय!" मेंढरं तिथंच थबकली आणि तुमच्याकडे बघायला लागली. गाडी खरडत, रेंगाळत, शेवटच्या मेंढराच्या शेपटीपाशी थांबली. धनगर कांबळं सावरत आला.

"मेंढरास्नी काय सांगतासा, मालक? मला सांगायचं की!"

तुम्ही इतके हसलात की पुढं बराच वेळ गाडी चालू करता येईना. मी मात्र दोन्ही हातांनी दाराची मूठ घट्ट धरून बसले होते. त्या रात्री तुम्ही म्हणालात, उद्या ब्रेकचा सोक्षमोक्ष लावतो.

मग सुरू झाले आपले ते रविवार. सकाळी पेठेतल्या मागांची खटखट सुरू व्हायच्या आत तुम्ही पोतं टाकून गाडीखाली जायचात, मी अनवाणी तुमच्या जागेवर बसायची. पायात चप्पल नको, पायाला कळलं पाहिजे, हा तुमचा नियम. तुम्ही चाकामागच्या निपलला, हवा काढायच्या त्या बारक्या तोटीला, रबरी नळी लावायचात, तिचं दुसरं टोक ब्रेक ऑईल भरलेल्या औषधाच्या बाटलीत, आणि खालून आवाज यायचा.

"दाब."

मी दाबायची.

"धर."

मी धरायची. तुम्ही पान्यानं निपल सैल करायचात, पेडल माझ्या पायाखालून हळूच बुडायचं, तुम्ही निपल आवळायचात.

"सोड."

असं एकेका चाकाला. तुमचं तोंड मला दिसायचं नाही, माझं तुम्हाला दिसायचं नाही. तुमच्या मुठीतून माझ्या तळव्यापर्यंत तेल येत-जात असायचं. संसारात इतकं जवळ आपण दुसऱ्या कुठल्या कामात आलो असू असं मला वाटत नाही. सकाळचं कोवळं ऊन काचेतून मांडीवर यायचं, डोळे मिटू लागायचे, आणि त्या गुंगीत तुमचे ते तीन शब्द कुठूनतरी लांबून यायचे. दाब. धर. सोड.

गुंगी उतरायची ती भांडणानं.

"एकपन बुडबुडा न्हाय," तुम्ही खालून म्हणायचात. "चारी चाकं स्वच्छ. हवा न्हाय हिच्यात."

"हवा आहे."

"अगं, बाटली माझ्या डोळ्यापुढं हाय की!"

"आणि पेडल माझ्या पायाखाली आहे. उसळी मारतंय ते. चेंडूवर पाय दिल्यासारखं."

कारण तुम्हीच मला शिकवलं होतंत. पेडल दाबून धरलं आणि ते आपोआप खाली बुडत चाललं, तर वरच्या मास्टर सिलेंडरातलं वायसर गेलं. खोल जाऊन मग दगडासारखं लागलं, तर लायनर झिजले. उसळी मारली, भराभर दाबल्यावर वर आलं, तर हवा. आपलं पेडल बुडत नव्हतं. उसळी मारत होतं, दाबल्यावर वर येत होतं. मग हवा नाही तर काय? पण तुम्ही वायसर बदललंत, लायनर जवळ घेतलेत, रबरी पाईप फुगत असेल म्हणून तेही नवे घातलेत. दर वेळी मी दाबायची आणि म्हणायची, "हवा आहे." दर वेळी तुम्ही बाटली खिडकीतून माझ्या नाकासमोर धरायचात, की दाखव बुडबुडा. भाऊजी एकदा म्हणाले, दाखवा की एखाद्या ग्यारेजात. तुम्ही दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाहीत. आपल्या गाडीला परक्याचा हात लागायचा नाही, हे ठरलेलं.

एक वाक्य मात्र मला लख्ख आठवतं. तुम्ही खाली होतात, पुढच्या उजव्या चाकाशी, आणि कौतुकानं म्हणालात, "बाकीच्या निपला कुटं वर दडून बसत्यात. ही उजवीकडची बघ. कशी शहान्यावानी हाताशी येतीया." मी वरून म्हटलं, घरात एक तरी शहाणं आहे म्हणायचं. तुम्ही पान्यानं खालून पत्र्यावर ठक्कन वाजवलंत.

दवाखान्यातले ते दिवस मी सांगत बसत नाही. तुम्हाला ते माहीत आहेत आणि मला ते नको आहेत. एवढंच सांगते, की गुंगीत असताना चादरीखाली तुमचा उजवा पाय मधूनच दोनदा दाबला जायचा. नर्सबाई म्हणाल्या, असं होतं. पायथ्याशी बसून मी तुमच्या तळव्याखाली माझा तळहात धरला, म्हणजे पाय कापसात जाऊ नये. तुम्ही दाबलंत की मी धरायची.

तर, ब्रेक.

शनिवारी सकाळी मी पोतं टाकलं. तुमची आई ओट्यावर बसून होती. तुम्ही गेल्यापासून आत्या कुणाशी धड बोलत नाहीत. भाकरी पुढं ठेवली तर खातात, नाही ठेवली तर मागत नाहीत. मला पदर खोचून पोतं पसरताना त्यांनी पाहिलं.

"काय करतीस गं, कुसुम?"

"ब्रेक बघते, आत्या. पण पेडल दाबायला कुणीतरी लागतं."

त्या भिंतीला धरून उठल्या, नऊवारीचा काष्टा नीट केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेवर जाऊन बसल्या. लेकाच्या जागेवर. सीटवर दोन्ही हात फिरवले.

"हितं बसायचा व्हय?"

"हो, आत्या."

"सांग काय करू ते."

मी आधी वरची टाकी बघितली, तेल भरलेलं होतं. चारी चाकांच्या आतून हात फिरवला, कुठं ओल नाही. आत्यांना म्हटलं, दाबून धरा. "धरलं गं. जाग्यावर हाय, जात न्हाय कुटं." आता भराभर दाबा. "वर आलं की गं! उडतंय कसं बघ, वासरावानी." म्हणजे हवा. आपलं भांडण होतं तिथंच उभं होतं. मग मी पोत्यावर पाठ टेकली आणि सरकत आत गेले.

तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत, की गाडीखाली आडवं झालं की शेजारच्या मागांची खटखट कानांआधी पाठीला ऐकू येते. जमीनच हळू हळू ठोके देत असते. वर काळा पत्रा, त्यावर तुमच्या बोटांचे तेलकट ठसे, एका नळीला तुम्ही बांधलेली माझ्या जुन्या लुगड्याची चिंधी. बाजूनं येणारा उजेड, त्यात तरंगणारे कापसाचे तंतू. मी किती वेळ तशी पडून राहिले कोण जाणे. तुम्ही दर रविवारी खाली इतका वेळ का लावायचात ते मला तेव्हा कळलं.

पुढचं डावं चाक आधी चाचपलं. निपल वर होती, पत्र्याच्या आड दडलेली, मनगट वाकवून हात घालावा लागला. मग उजव्या चाकाशी सरकले. सवयीनं हात वर गेला. वर निपल नव्हतीच. तेलाचा पाईप वर येऊन जोडला होता. निपल खाली होती, शहाण्यासारखी हाताशी.

मी परत डावीकडे सरकले, परत उजवीकडे आले. डावीकडे पाईप खाली, निपल वर. उजवीकडे पाईप वर, निपल खाली. सिलेंडर उलटं बसलं होतं. तेलाच्या बाटलीतली हवा कुठं जाते? वर जाते. ती वर, तुम्ही नळी लावलेली खाली. तेल निघत होतं, निर्मळ, बिनबुडबुड्याचं, आणि हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून होती. त्या विहिरीच्या कडेला, डोक्यावर अक्षता, मुहूर्त टळतोय, हातातलं सिलेंडर खाली ठेवून तुम्ही माईक लावायला पळालात आणि परत येऊन उचललंत ते उलटं.

मग मी त्या निपलवर बोट फिरवलं. बाकीच्या निपलांना पान्यासाठी धारदार कोन होते. हिचे सगळे झिजून गोल झाले होते. तुम्ही तिच्यावर इतक्यांदा पाना लावला होतात, माझ्या प्रत्येक 'हवा आहे'नंतर, मी आत चहा ठेवायला गेल्यावरसुद्धा. ज्याला ब्रेक नको असतो तो माणूस लोखंडाचे कोन झिजवत नाही. तुम्हाला घट्ट करायचा होता. तुम्हाला खरंच शेजारी बसून हुरडा खायचा होता.

मला हसू आलं, आणि हसता हसता असं रडू कोसळलं की गेल्या महिनाभरात आलं नव्हतं. आत्या वरून घाबऱ्या झाल्या.

"काय झालं गं? लागलं का? पाय सोडू का?"

"धरा, आत्या. थोडा वेळ तसाच धरा."

त्यांनी धरला. थोड्या वेळानं वरूनही हुंदका आला, आणि आम्ही दोघी तशाच रडलो, एक वर, एक खाली.

रविवारी भाऊजी त्या अक्कलकोटच्या माणसाला घेऊन आले तेव्हा मी त्यांना आधी गाडीखाली पाठवलं. दोन्ही चाकं बघा म्हटलं. ते गेले, आणि बराच वेळ आलेच नाहीत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, म्हणाले, धूळ गेली. मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "पाव्हनं, चा घेऊन जावा. गाडी विकायची न्हाय." आणि बाह्या सरसावून चाक काढायला बसले. ड्रम उतरवला, सिलेंडर सोडवलं, सुलटं केलं, पाईप खालून जोडला, निपल वर घेतली. सगळं होईपर्यंत ते एवढंच बोलले, "दादा एक शब्द बोलला असता तर मी आलो असतो की."

हवा काढायला मात्र मी खाली गेले. आत्या पेडलवर. बाटली छातीवर धरली, नळी लावली, आणि तोंडातून तुमचीच चाल निघाली.

"दाबा. धरा."

निपल सैल केली. आधी काहीच नाही. मग नळीत काहीतरी सरकलं, आणि बाटलीत बुडबुडे आले. एक, दोन, मग कितीतरी. बाटली नुसती फसफसली. अहो, ही हवा त्या दिवसाची होती. विहिरीच्या काठची, हळदीचा आणि उदबत्तीचा वास असलेली, तुम्ही घाईनं श्वास घेत होतात तेव्हा तुमच्याभोवती होती तीच. इतकी वर्षं ती आपल्याबरोबर प्रत्येक लग्नाला आली. माझ्या पायाखाली होती आणि मी तुमच्याशी तिच्यावरून भांडत होते. क्षणभर मला निपल आवळून टाकावीशी वाटली. थोडी तरी राहू दे. एक बुडबुडा तरी.

"सोडू का गं?" आत्यांनी विचारलं.

मी निपल आवळली. "सोडा," म्हटलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "आता पाय जातच न्हाय खाली. लई घट्ट झालं." मी कंडक्टरला निरोप दिला, आम्ही येतो.

लग्नघरी मी मांडवात जाणार नव्हते. बायका काय म्हणतील ते मला माहीत होतं, आणि त्यांच्या तोंडी लागायचं बळ नव्हतं. आत्या म्हणाल्या, "गाडीपाशी बस. मी हाय की तुज्या संगं." भाऊजी माईक सांभाळणार होते. ते मागं अँप्लिफायरशेजारी बसले, आत्या पुढं माझ्या शेजारी, तुम्ही हुरडा खायला बसणार होतात त्या जागेवर. त्यांनी वाटेत हुरडा घेतला आणि चोळून माझ्या हातावर ठेवला.

भीमेचा पूल मागं पडला. उन्हं कलली होती. दोन्ही बाजूला ज्वारी, वर तोच पिवळा उजेड, आणि गाडी अशी चालली होती की मला तिचा आवाजही येत नव्हता. आपण सगळेच कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत असं वाटत होतं. आणि वळणावर रस्ता भरून मेंढरं.

पाय आपोआप गेला. एकदा दाबलं, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, मेंढरांपासून चांगली लांब. आत्यांच्या मांडीवरचा हुरडा सगळा खाली सांडला. सवयीनं माझा पाय दुसऱ्यांदा दाबला गेला, पण दुसऱ्या दाबाचं काही कामच उरलं नव्हतं.

मी शेजारी वळले. 'बघा, हवा होती' असं म्हणायला. आणि हेही म्हणायला, की बुडबुडा नव्हता, तेही खरंच होतं. शेजारी आत्या होत्या, पदरानं डोळे टिपत.

"भाऊजी, माईक द्या."

ते चमकून बघत राहिले. मग त्यांनी बटण लावलं आणि माईक माझ्या हातात दिला. तो तुमच्या मुठीनं झिजून गुळगुळीत झालाय. मी तो तोंडापाशी नेला. माझाच आवाज, मोठा होऊन, दोन्ही कर्ण्यांतून ज्वारीवरून लांब गेला.

"मेंढरांनो, सावकाश जा. आता ब्रेक आहे."

मेंढरं थबकली, बघायला लागली. धनगर काठी टेकून तोंडाचा आ करून उभा राहिला. मी माईक अजून धरूनच होते.

"अहो," मी म्हटलं, "ऐकलंत का?"